कडव्या वालांना मोड आणताना येणारा वास, आणि कच्चे मोड खाण्याविषयी

सांजवात | ९ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार. माझे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही मोड आणण्याशी संबंधित असल्यामुळे एकाच धाग्यात विचारते.

आमच्या घरी बिरड्याचे, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या पदार्थाचे, काम आजवर सासूबाईंकडे होते. त्या सध्या नणंदेकडे परदेशी असल्यामुळे यंदा ते माझ्याकडे आले. अर्धा किलो कडवे वाल रात्री भिजत घातले, सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधले, पुरचुंडी स्टीलच्या डब्यात ठेवून वर झाकण लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तेव्हा दाणे बुळबुळीत झाले होते, आंबूस वास येत होता आणि निम्म्या दाण्यांना मोडच नव्हते. सगळे टाकून द्यावे लागले. सासूबाईंना फोनवर विचारले, तर "ते हाताला कळते" एवढेच उत्तर मिळाले. माझ्या हाताला अद्याप काही कळत नाही.

दुसरा प्रश्न सासऱ्यांचा आहे. ते ७४ वर्षांचे आहेत. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळाने त्यांना रोज वाटीभर मोड आलेले कच्चे मूग खायला सांगितले आहे. तिसऱ्या दिवशीच त्यांचे पोट बिघडले, तरीही "सुरुवातीला असे होतेच" असे म्हणून त्यांनी ते चालू ठेवले आहे. मोड कच्चे खावेत की शिजवून?

रोवळी | ९ जुलै, रात्री ११:१५

सांजवातताई, तुमचे वाल गुदमरले. भिजलेला दाणा जिवंत असतो आणि त्याला पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. घट्ट गाठ, त्यावर डबा, त्यावर झाकण आणि बाहेर पावसाळा, एवढे सगळे एकत्र आल्यावर मोडांऐवजी आंबण्याची क्रिया सुरू होते.

मी करते ती रीत सविस्तर सांगते. वाल निवडून तीन पाण्यांनी धुवावेत आणि भरपूर पाण्यात दहा-बारा तास भिजवावेत, मध्ये एकदा पाणी बदलावे. त्यानंतर ते रोवळीत किंवा चाळणीत उपसून निदान पाऊण तास तसेच ठेवावेत. बहुतेकांची चूक या पाऊण तासातच होते. पाणी निथळले असे आपल्याला वाटते, पण चाळणीखाली ताटली ठेवून पाहा, अर्ध्या तासानंतरही थेंब पडत असतात. मग सुती फडके ओले करून घट्ट पिळावे, त्यात वाल सैल बांधावेत आणि पुरचुंडी चाळणीतच ठेवून वर एक ताट तिरके झाकावे, म्हणजे खालून आणि बाजूने हवा खेळती राहील. बारा तासांनी गाठ सोडून दाणे एकदा धुवावेत, निथळावेत आणि पुन्हा बांधावेत. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो; पावसाळ्यात दीड आणि थंडीत दोन दिवस धरावेत.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. वालाला मुळातच एक उग्र वास असतो आणि मोड आल्यावर तो वाढतो. साल थोडीशी चिकट लागणे हेही स्वाभाविक आहे. धुतल्यावर चिकटपणा गेला आणि दाणा बोटांत टणक लागला, तर तो चांगला समजावा. धुऊनही तार सुटत असेल आणि दाणा दाबल्यावर पिचत असेल, तर तो नासला आहे. सासूबाईंच्या "हाताला कळते" या वाक्याचा एवढाच अर्थ असावा.

अर्धाकप | १० जुलै, सकाळी ७:३०

आमच्या घरी वाल सोलणे ही शिक्षा होती. प्रगतिपुस्तकावर लाल रेघ आली की आई काही न बोलता समोर परात आणून ठेवत असे. त्यामुळे बिरडे कोणत्या महिन्यात होणार, हे आम्हा भावंडांना शाळेच्या वेळापत्रकावरून कळत असे.

एल्बेकाठ | १० जुलै, दुपारी १:०५

दुसऱ्या प्रश्नावर मला आग्रहाने लिहायचे आहे. मी २०११ साली हँबर्गमध्ये शिकत होतो. त्या वर्षी मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुरुवातीला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर होता. आमच्या भोजनगृहातून काकडी, टोमॅटो आणि सॅलडची पाने एका दिवसात नाहीशी झाली. जूनमध्ये खरे कारण समोर आले, तेव्हा मला धक्काच बसला, कारण ते कच्चे मोड होते आणि संशयाची सुई इजिप्तहून आयात केलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावली होती. जर्मनीत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले आणि शेकडो जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला.

मेथीचे मोड म्हणजे आपल्या घरातली वस्तू, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जिवाणू बाहेरून येऊन पडतात असे नाही. ते बीजावरच, सालीच्या बारीक भेगांत असू शकतात. मोड यायला जी ऊब आणि जो ओलावा लागतो, तोच जिवाणूंनाही मानवतो. दोन दिवसांत दाण्याला बोटभर मोड येतात, तेवढ्यात जिवाणूंच्या किती पिढ्या होत असतील याचा विचार करा. म्हातारी माणसे, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, असा सल्ला अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही देते. तुमचे सासरे ७४ वर्षांचे आहेत, तेव्हा माझे उत्तर स्पष्टपणे "शिजवून" असे आहे.

घाटावरचा | १० जुलै, दुपारी ३:४०

एल्बेकाठ यांचा अनुभव गंभीर आहे, पण त्यावरून आपल्याकडच्या सवयीला दोष देणे मला पटत नाही. आमच्या कोल्हापुरात तालमीत जाणारा प्रत्येक मुलगा रात्री भिजवलेले हरभरे सकाळी कच्चे खातो. माझ्या आजोबांनी ते वयाच्या ऐंशीपर्यंत खाल्ले. मोड आलेल्या मटकीवर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून आम्ही लहानपणापासून खात आलो आहोत. तिकडचे मोड कारखान्यात होतात, पिशवीत बंद होऊन चार दिवस दुकानात पडून राहतात. घरी आणलेल्या ताज्या मोडांची त्यांच्याशी तुलना होऊ शकत नाही.

प्रयोगवही | १० जुलै, रात्री ८:२०

घाटावरचा, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट, तालमीतले हरभरे भिजवलेले असतात, मोड आणलेले नसतात. रात्रभर भिजवून सकाळी खाणे आणि पुढे दीड-दोन दिवस उबेत ठेवून खाणे यांत जिवाणूंना मिळणाऱ्या वेळाचा मोठा फरक आहे. दुसरी गोष्ट, घरी मोड आणल्याने पिशवीतले चार दिवस वाचतात हे खरे, परंतु दोष बीजावरच असेल तर घरचा स्वच्छ पंचा तो दूर करू शकत नाही. धोका रोजचा नाही, क्वचितचा आहे. पण तो कोणत्या दिवशी येईल हे दाण्याकडे पाहून, वास घेऊन किंवा चव घेऊन कळत नाही. तरुण, धडधाकट माणसाने तो पत्करायचा की नाही हे त्याने ठरवावे.

आता मोडांच्या गुणांविषयी. "मोड आले की प्रथिने दुप्पट होतात" असे संदेश फिरत असतात, ते खरे नाही. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भिजून मोड आल्यावर त्याच मुगाचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास होते. वाढलेले वजन पाण्याचे असते, प्रथिने तेवढीच राहतात. म्हणजे वाटी मोठी दिसते आणि वाटीतली प्रथिने कमी झालेली असतात.

मग लाभ कशाचा? बीज जागे होताना आत साठवलेले पदार्थ फोडणारी विकरे तयार होतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना निर्माण होते. लोह आणि जस्त धरून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते, त्यामुळे ही खनिजे शरीराला अधिक मिळतात. पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा रोपासाठी खर्ची पडतात, म्हणून मोडाची उसळ अख्ख्या कडधान्याच्या आमटीपेक्षा हलकी वाटते. पचनात अडथळा आणणारी काही द्रव्ये मात्र नुसत्या मोडांनी पूर्ण जात नाहीत, त्यांना उष्णताच लागते. शिजवल्याने क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो हे मान्य. तो लिंबू पिळून सहज भरून निघतो.

जुनीपाने | १० जुलै, रात्री १०:४५

क जीवनसत्त्वाचा उल्लेख आला म्हणून एक जुनी हकिगत सांगतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात ब्रिटिश-हिंदी फौज वेढ्यात अडकली होती. ती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नाही आणि घोड्याचे मांस बहुतेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारले, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरला. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचे, जखमा भरत नसत. गंमत अशी की ब्रिटिश शिपायांना मांसामुळे स्कर्व्हीपासून संरक्षण मिळाले, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे त्यांना बेरीबेरी या ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने गाठले.

पुढे १९१९ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ या दोघींनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले की कोरडी कडधान्ये स्कर्व्ही रोखू शकत नाहीत, मोड आलेली रोखतात. शिधा तोच राहतो, फक्त भिजवायचा आणि एक-दोन दिवस ओला ठेवायचा. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला हा उपाय ऐकून हसू आले असते.

अर्धाकप | ११ जुलै, सकाळी ७:१०

शिध्यात डाळ असेल तर आजीला हसू नाही, रडू आले असते. डाळीला मोड कुठून येणार?

जुनीपाने | ११ जुलै, सकाळी ९:००

अगदी बरोबर. म्हणूनच अख्खी, सालासकट कडधान्ये वापरण्यावर त्यांचा भर होता. भरडलेली डाळ कितीही भिजवली तरी ती फुगेल आणि आंबेल, उगवणार नाही.

शब्दवेल्हाळ | ११ जुलै, सकाळी ११:३०

"बिरडे" हा शब्द संस्कृत "विरूढ" यावरून आला आहे. विरूढ म्हणजे अंकुरलेले. त्या अर्थाने मोड आलेल्या कोणत्याही कडधान्याला बिरडे म्हणायला हरकत नाही, पण रायगड-मुंबईकडच्या घरांनी तो शब्द वालापुरता राखून ठेवला आहे.

याच विरूढ धान्याविषयी सुश्रुतसंहितेचे मत फारसे चांगले नाही. तिथे ते पचायला जड, विदाही (जळजळ करणारे) आणि दृष्टीला अपायकारक सांगितले आहे. दृष्टीविषयीचे आजच्या ज्ञानाशी जुळवता येत नाही, पण "जड" हा शब्द सांजवात यांच्या सासऱ्यांच्या मित्रमंडळाला जरूर वाचून दाखवावा.

कडूगोड | ११ जुलै, दुपारी १२:१५

वालाशिवाय बिरडे म्हणणाऱ्याला आमच्या घरात पाणीसुद्धा मिळणार नाही. मुगाचे करतात ती उसळ. शब्द संस्कृतातून आला असेल, चव पेणहून आली आहे.

मांडवीकिनारा | ११ जुलै, दुपारी २:५०

आमच्या गोव्यात मुगाचे जे करतात त्याला उसळ म्हटलेले आम्हांलाही आवडणार नाही. मुगागाठीसाठी मुगाला मोड आणायचे आणि सालेही काढायची, मग नारळाच्या वाटपात शिजवायचे. मुगाचा एकेक दाणा सोलत बसणे अशक्य असते. मोड आलेले मूग पुन्हा तासभर पाण्यात घालून तळहातांनी हलके चोळले की साले वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची. चार-पाच वेळा असे केले की पांढरेपिवळे, शेपटीसकट दाणे खाली राहतात. जोरात चोळले तर शेपट्या तुटतात आणि पदार्थाचे रूप जाते.

घाटावरचा | ११ जुलै, सायंकाळी ६:००

प्रयोगवही यांचा भिजवलेले आणि मोड आणलेले हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य करतो. मटकीविषयी मात्र मी तडजोड सुचवतो. मिसळीसाठी आमच्याकडे मटकी हळद-मीठ घालून उकडूनच घेतात, तिचा दाणा अख्खा राहतो आणि मोडही दिसतात. सासऱ्यांना तशी द्यावी. चावायला काही तरी लागते हे समाधान त्यांना मिळेल. मटकी भिजायला सहा-सात तास पुरेत. वालासारखी रात्रभर आणि वर अर्धा दिवस ठेवली तर दाणा फुटतो.

नवशिकी | ११ जुलै, रात्री ९:२५

मी एकदा उत्साहाने राजम्याला मोड आणून तो कच्चाच कोशिंबिरीत घातला होता. तीन तासांत घरातल्या चौघांनाही उलट्या सुरू झाल्या. राजमा जुना असावा असे मला तेव्हा वाटले होते.

प्रयोगवही | ११ जुलै, रात्री १०:१०

नवशिकी, राजमा जुना नव्हता, कच्चा होता. त्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, ते मोड आल्याने जात नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावाच लागतो. मंद आचेच्या भांड्यात अर्धवट शिजवलेला राजमाही तितकाच वाईट.

कडव्या वालाचेही तेच. त्याच्या सुक्या दाण्यात सायनाइड सुटू शकणारी द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात. भिजवलेले पाणी टाकणे, मोड आणणे, साल काढणे आणि नीट शिजवणे या जुन्या पायऱ्यांपैकी एकही अनावश्यक नाही. ज्वारीला मोड आणून खाण्याचे प्रयोगही कोणी करू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यामागेही सायनाइडच असते.

एल्बेकाठ | १२ जुलै, रात्री १:३०

नाचणीचे काय? माझी बहीण बाळासाठी मोड आणलेल्या नाचणीचे पीठ पाठवायला निघाली आहे.

रोवळी | १२ जुलै, सकाळी ८:००

खुशाल पाठवू द्या. मोड आल्यावर नाचणी वाळवून, मंद भाजून दळतात आणि पीठ पुन्हा पाण्यात शिजवतात, तेव्हा कच्चेपणाचा प्रश्न उरत नाही. साध्या नाचणीची पेज घट्ट होते आणि बाळ दोन चमचे खाऊन तोंड फिरवते. मोडाच्या पिठाची तेवढीच पेज पातळ राहते, कारण मोड येताना तयार झालेली विकरे स्टार्च फोडतात. साहजिकच त्याच वाटीत जास्त पीठ घालता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात याच तत्त्वावर बालआहाराचे काम झाले आहे.

सांजवात | १५ जुलै, रात्री ९:१५

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी पाव किलो वाल पुन्हा भिजवले. चाळणीखाली ताटली ठेवली, तर चाळीस मिनिटांनीही थेंब पडत होते, म्हणून तासभर थांबले. सैल गाठ, वर तिरके ताट, रात्री एकदा धुणे, असे सगळे रोवळीताईंच्या सांगण्याप्रमाणे केले. छत्तीस तासांनी गाठ सोडली तेव्हा फडक्यातून मोड बाहेर डोकावत होते. वास आला, पण तो वालाचाच होता. आता मला दोन्हींतला फरक कळतो.

सोलण्याचे काम सासऱ्यांनी मागून घेतले. वाल कोमट पाण्यात घातले आणि मोडाच्या विरुद्ध बाजूने चिमटीत दाबले की डाळिंबी, म्हणजे सोललेला दाणा, टुणकन उडते. पहिल्या दहा-बारा डाळिंब्या वर्तमानपत्रावर आणि दोन चष्म्यावर गेल्या. त्यानंतर त्यांचा हात बसला. मूग आता वाफेवर आठ मिनिटे ठेवून, लिंबू आणि मिरपूड घालून देते. पोटाची तक्रार थांबली आहे. मित्रमंडळाला त्यांनी अजून सांगितलेले नाही.

एकच शंका उरली आहे. अकरा दाणे भिजलेच नाहीत, खड्यासारखे कडक राहिले. हे कशाने होते?

कडूगोड | १५ जुलै, रात्री १०:००

ते गणंग. काही घरांत कुचर म्हणतात. भिजवल्यानंतर परातीत पसरून वेचून काढावेत, नाहीतर जेवताना नेमके पाहुण्याच्या दाताखाली येतात.

प्रयोगवही | १६ जुलै, सकाळी ७:४५

त्यांच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. दाणा मेलेला नसतो, केवळ बंद असतो. निसर्गात ही सोयच आहे. सगळी बीजे एकाच पावसाने उगवली आणि मागून ऊन पडले, तर सगळीच जातील.

सांजवात | २ ऑगस्ट, रात्री ८:३०

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखे घडले आहे. ते अकरा गणंग सासऱ्यांनी टाकू दिले नाहीत, गॅलरीतल्या एका रिकाम्या कुंडीत खोचले होते. आज त्यांतले सात उगवलेले दिसले. सासूबाईंना छायाचित्र पाठवले, तर त्यांचे उत्तर आले, "बिरड्यात गूळ किती घातला होतास?"

रोवळी | २ ऑगस्ट, रात्री ९:०५

वेलाला आत्ताच काठी लावून द्या. फक्त शेंगांची घाई करू नका. आमच्या रायगडात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. दिवस लहान होऊन थंडी पडेपर्यंत तो नुसताच वाढत राहील. गूळ मात्र किती घातला होता, हे आम्हांलाही कळायला हवे.